मुक्याचा दाखला

तुम्ही चोर आहात. घर फोडणारा चोर परवडला. घराला निदान कडी असते, कुत्रं असतं, शेजारी असतो. तुम्ही माणसांच्या तोंडात शिरलात. नवराबायकोच्या ओठांमध्ये जी बोटभर जागा असते, जिथं आजवर सासूलाही शिरता आलं नाही, तिथं तुम्ही तुमची प्लॅस्टिकची पट्टी घातलीत आणि वर म्हणालात, तुमच्याच भल्यासाठी आहे. एसीच्या गार हवेत बसून तुम्ही ठरवलंत की प्रेम मोजता येतं, आणि ज्याचं कमी भरेल त्याला मूल मिळणार नाही. आरोप खोटा वाटतो? मग तासगावच्या हर्षदा लवटेचं काय झालं ते ऐका. चहा बाजूला ठेवा आणि ऐका.

हर्षदा बेदाण्याच्या शेडमध्ये निवडीचं काम करायची. तिचा नवरा दिग्विजय, अख्ख्या गावाचा दिगू, एसटी डेपोत विजेच्या बसगाड्यांच्या बॅटऱ्या दुरुस्त करायचा. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, मूल नव्हतं. दवाखाने करून थकल्यावर दोघांनी दत्तक घ्यायचं ठरवलं आणि गावातल्याच बालसदनात त्यांना बकुळ भेटली. भेटली म्हणजे काय, तीन वर्षांची ती पोर आपण होऊन आली, हर्षदाच्या मांडीवर बसली आणि उठायलाच तयार होईना. तेव्हापासून रोज शेड सुटली की हर्षदा बेदाण्याची पुडी घेऊन सदनात जायची. दिगू तिला न्यायला यायचा, पण फाटकाबाहेर गाडीवरच बसून राहायचा.

"तू आलीस की ही भवानी माझ्याकडं बघतसुद्धा नाही," सदनातल्या सुलभामावशी म्हणायच्या. "मी काय नुसती शी-शू काढायला का गं?"

सगळं जुळत आलं होतं. राहिली होती ती चाटपट्टी.

चाटपट्टी हे लोकांनी ठेवलेलं नाव. सरकारी नाव 'दांपत्य मुखसाम्य चाचणी'. पण घरपट्टी असते, पाणीपट्टी असते, तशी ही जिभेला लावायची म्हणून चाटपट्टी. तिच्यामागचं शास्त्र खोटं नव्हतं, हीच तर चीड आणणारी गोष्ट. माणसाच्या तोंडात शेकडो जातींचे जिवाणू राहतात, आणि प्रत्येकाच्या जिभेवरची वस्ती निराळी असते. दोन माणसांनी ओठाला ओठ लावले की क्षणात कोट्यवधी जिवाणू इकडचे तिकडे जातात. एखाद्याच वेळी गेले तर टिकत नाहीत. लाळेबरोबर पोटात जातात आणि संपतात. पण रोजचं येणंजाणं असेल तर पाहुणे मुक्कामाला राहतात, आणि काही आठवड्यांत त्या दोन जिभांवरच्या वस्त्या सख्ख्या बहिणींसारख्या दिसू लागतात. पट्टीतली चिप लाळेतल्या जिवाणूंची जनुकं वाचायची, दोघांच्या वस्त्या ताडून बघायची आणि शंभरपैकी आकडा द्यायची.

हे यंत्र आलं आणि संशोधकांना घबाड सापडलं. नवराबायकोला काही विचारायलाच नको, ते लाजून खोटं बोलायला नकोत. जीभच सगळं सांगते. मग दिसून आलं की ज्या जोडप्यांचा आकडा मोठा, त्यांच्या लाळेत ताणाचं रसायन कमी. त्यांचा रक्तदाब ताळ्यावर, झोप गाढ, आणि भांडण झालं तरी ते दुसऱ्या दिवसाच्या चहापर्यंत टिकत नाही. जवळ येताना दोघं एकमेकांचा वास घेतात, चव घेतात. शरीर आपल्या भाषेत म्हणतं, हे माणूस आपलं आहे, इथं सावध राहायची गरज नाही.

इथवर ठीक होतं. लोकांना सांगायचं होतं, बाबांनो, एकमेकांचे मुके घ्या, दोघांच्या तब्येतीला बरं असतं. लोक हसले असते, लाजले असते आणि निम्म्यांनी घेतलेही असते. पण नुसत्या सल्ल्यानं साहेबाचं समाधान होत नाही. त्याला अट लागते. ज्या घरात मुके जास्त त्या घरात मूल सुखी, असं कुणीतरी जोडून टाकलं, आणि दत्तकाच्या नियमांत साठचा आकडा येऊन बसला. साठच्या खाली प्रेम नाही.

"सतरा," सांगलीच्या छाननी कार्यालयात डॉ. ईशिता कारखानीस म्हणाल्या. त्यांनी पडदा दोघांकडं वळवला. "होस्टेलच्या एका खोलीत राहणाऱ्या दोन पोरांचेसुद्धा पंचवीस येतात. मिस्टर लवटे, तुम्ही पत्नीचं चुंबन घेता ना?"

"चुंबन?" दिगूनं तो शब्द असा उच्चारला, जणू कुणी त्याला न पाहिलेला स्पेअर पार्ट मागितला होता.

"मुका हो," हर्षदा दातांतल्या दातांत म्हणाली.

"हां! घेतो की, मॅडम. सणासुदीला."

हर्षदानं टेबलाखालून त्याच्या बुटावर चप्पल दाबली. मॅडम हसल्या नाहीत. बाई वाईट नव्हत्या. दिवसभर लोकांच्या जिभा बघून त्यांचं हसू आटलं होतं.

"दोन महिन्यांनी पुन्हा चाचणी. तेव्हा साठ भरले नाहीत तर बकुळ यादीतल्या पुढच्या जोडप्याकडं जाईल. नाशिकचे आहेत. पंच्याऐंशी आहेत त्यांचे."

"ती त्यांना ओळखत नाही, मॅडम."

"ओळख होते," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी पुढच्या जोडप्याला हाक मारली.

सतरा का आले हे हर्षदाला पट्टीपेक्षा चांगलं माहीत होतं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी दिगूला टीबी झाला. औषधानं तो खडखडीत बरा झाला, पण आजारपणात तो तोंडाला रुमाल बांधून झोपायचा, ताट-पेला वेगळा ठेवायचा आणि हर्षदानं तोंड जवळ आणलं की मान फिरवायचा. पुढं रुमाल सुटला. मान फिरवणं सुटलं नाही. बकुळच्या सदनाबाहेर तो गाडीवर बसून राहायचा तोही त्याच जुन्या भीतीनं. डॉक्टरांनी दहा वेळा सांगितलं होतं, आता तुमच्यापासून कुणाला काही होत नाही. दिगू मान डोलवायचा आणि पुन्हा चार हात लांब उभा राहायचा. न घेतलेल्या मुक्यात किती जीव असू शकतो हे हर्षदा जाणत होती. पट्टीला तिथं नुसतं शून्य दिसत होतं.

मग सरकारी मुके सुरू झाले. सकाळी चहा झाला, दिगूनं डेपोचा शर्ट चढवला की दोघं ओट्यापाशी समोरासमोर उभी राहायची.

"डोळे मीट की."

"तुम्ही मिटा आधी."

"दोघांनी मिटल्यावर लागायचं कुठं?"

पहिले काही दिवस हसण्यात गेले. नंतर हसू संपलं. दिगू मुका घेताना मनात आकडे मोजायचा, हे तिला त्याच्या ओठांच्या हालचालीवरून कळायचं. तिलाही त्याच्या तोंडाची चव कळायची नाही. तिच्या डोळ्यांपुढं नाशिकचं ते जोडपं यायचं.

"अहो, तुम्ही माझा मुका घेताय का पंक्चर काढताय?"

"मग तू शिकव की. मॅडमनी तुला जास्त समजावलंय."

"मी काय शिकवू? मला तरी कुठं सवय ठेवलीत तुम्ही?"

पूर्वी कामावर निघताना तो तिच्या दंडाला हलकासा चिमटा काढायचा. मुके सुरू झाल्यापासून तोही बंद झाला. गोळी घेऊन झाली की माणूस पेला खाली ठेवतो, तसा तो तिच्यापासून दूर व्हायचा. "आजचा झाला," म्हणायचा आणि बूट घालायचा.

दुसऱ्या चाचणीला आकडा बावन्न आला. पण मॅडम आकड्याबद्दल बोलल्याच नाहीत. त्या पडद्याकडं बघत राहिल्या, मग त्यांनी पट्टी दुसऱ्या यंत्रात घालून बघितली, आणि शेवटी खुर्ची पुढं ओढली.

"मिसेस लवटे, तुमच्या तोंडात तिसऱ्या व्यक्तीची वस्ती आहे."

"तिसरी म्हणजे?"

"तुमची एक, तुमच्या मिस्टरांची एक. ही तिसरी. दाट आहे. म्हणजे एकदाच घडलेलं काही नाही, रोजचं आहे. मिस्टरांच्या तोंडात ती नावापुरती आहे, तुमच्याकडून गेलेली. म्हणजे घराबाहेरची."

"यंत्र चुकलं असेल."

"दोन यंत्रांवर बघितलं."

"मग कुणाची आहे ते सांगा की!"

"ते त्या व्यक्तीची लाळ मिळाल्याशिवाय सांगता येत नाही," मॅडम म्हणाल्या. "ते तुम्ही सांगायचं. पुढच्या आठवड्यात सुनावणी आहे. तोवर आठवून ठेवा."

दोघं सांगलीहून निघाली. मोटारसायकलवर दिगूची पाठ लाकडासारखी ताठ होती. कवठे एकंदच्या पुढं, द्राक्षबागांच्या मधोमध त्यानं गाडी बाजूला घेतली. किल्ली फिरवली.

"कोण हाय?"

"काय कोण?"

"मुकादम हाय का?"

हर्षदा गाडीवरून उतरली. शेडचा मुकादम साठीचा होता, तोंडात कायम तंबाखूचा बार. दुसरा कुठला दिवस असता तर ती पोट धरून हसली असती.

"शेडमध्ये आम्ही बाया पाणीसुद्धा वरून पितो. पेल्याला ओठ लावत नाही. आणि मी मुकादमाचा..."

"मग मशीन खोटं बोलतंय?"

"मशीनवर विश्वास आहे तुमचा?"

"मशीनला काय पडलीय खोटं बोलायची? दोन-दोन मशीनं, हर्षे! तू सांग मला, मी काय समजायचं?"

ती त्याच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली. "नऊ वर्षं तुम्ही माझ्याकडून मान फिरवलीत. मी एकदा तरी विचारलं का, कुणासाठी फिरवताय म्हणून?"

मागून उसाचा ट्रॅक्टर कर्कश्श गाणं वाजवत गेला. हर्षदानं पदर खोचला आणि ती चालू लागली. तासगावपर्यंत ती पायी आली. तो गाडीचं इंजिन मंद ठेवून तिच्या मागं मागं येत राहिला, पण बस म्हणायची त्याची हिंमत झाली नाही आणि बसायची तिची इच्छा नव्हती.

त्यानंतर सकाळचे मुके बंद. दिगू ताट घेऊन अंगणात जाऊन जेवायचा. हर्षदाचा आता स्वतःवरचाही विश्वास उडत चालला होता. कुणाच्या डब्यातलं खाल्लं? कुणाचा चमचा तोंडात घातला? माणसाला नुसता संशय देऊन बघा, तो स्वतःचीच झडती घ्यायला लागतो. चूळ भरताना ती आरशात जीभ बाहेर काढून बघायची, तिथं एखाद्या परक्याचं नाव लिहिलेलं असावं तशी.

रविवारी ती सदनात निघाली तशी दिगूनं चप्पल घातली. "मी पण येतो. आत."

पहिल्या भेटीनंतर नऊ महिन्यांनी तो पुन्हा आत येत होता, आणि कशासाठी येतोय हे कळायला तिला पट्टी लागली नाही. पाळत ठेवायला येत होता. सदनात कोण माळी आहे, कोण हिशेबनीस आहे, ते बघायला.

व्हरांड्यात बकुळ धावत आली आणि नेहमीसारखी मांडीवर चढली. पुडी तिनंच उघडली. एक बेदाणा उचलला, तोंडात घातला, गाल फुगवून बराच वेळ चघळला. मग दोन बोटांनी बाहेर काढला आणि उजेडात धरून बघितला. बेदाणा फुगून टपोरा झाला होता.

"मी द्राक्ष केलं," ती म्हणाली. "खा."

हर्षदानं तोंड उघडलं, बेदाणा खाल्ला. बकुळनं दुसरा उचलला.

दिगू खांबाला टेकून उभा होता. तो सरळ झाला. "हर्षे."

"काय?"

"हे रोजचं हाय?"

"काय रोजचं?"

"तिच्या तोंडातलं खातीस ते."

"मग? दीड महिना झाला, हाच खेळ लागलाय तिला. लेकराचं कुठं उष्टं असतं..." ती बोलता बोलता थांबली. शेडमध्ये पेल्याला ओठ न लावणारी, नवऱ्याचा चमचासुद्धा धुऊन घेणारी बाई. सगळा आठवडा तिनं कुणाकुणाचं उष्टं आठवून बघितलं होतं. पण लेकराचं उष्टं हे उष्टंच नव्हे, ही समज इतकी खोल होती की झडतीत ते तिच्या हाताला लागलंच नाही.

दिगू मटकन खाली बसला. त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलायला लागले तेव्हा तो हसतोय की रडतोय हे बकुळला कळेना. तिनं चघळलेला बेदाणा त्याच्यापुढं धरला.

"काकांना पण द्राक्ष."

सवयीनं त्याची मान फिरली. पोरीचा हात मात्र तसाच पुढं होता. ती रागावली नाही, हलली नाही, नुसती वाट बघत राहिली. दिगूनं मान हळूहळू परत वळवली, डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

फाटकाबाहेर आल्यावर तो गाडीपाशी घुटमळला. "त्या दिवशी रस्त्यात मी जे बोललो..."

"मुकादमाला सांगू का? खूश होईल बिचारा."

"चप्पल काढून मार मला."

"इकडं बघा," ती म्हणाली.

समोर पानपट्टीवर चार माणसं उभी होती. भर उन्हात, त्या चौघांसमोर दिगूनं तिचा मुका घेतला. आकडे मोजले नाहीत. तिला त्याच्या ओठांवर बेदाण्याची गोडी लागली, त्याच्या शर्टाचा ग्रीसचा वास आला, आणि गेला आठवडाभर छातीत जे घट्ट बसलं होतं ते सैल होत पार पायांपर्यंत उतरत गेलं. तिनं गाडीचं हँडल धरलं. संशोधकांनी लिहिलं होतं ते सगळं खरं होतं. फक्त त्यांचं यंत्र तिथं नव्हतं, आणि तिथं नव्हतं म्हणूनच ते घडलं.

"काय दिगूशेठ, सण हाय का आज?" पानपट्टीवरून कुणीतरी ओरडलं.

"हाय!" दिगू म्हणाला.

सुनावणीला दोघं हसत गेली. इथंच ती चुकली. त्यांना वाटलं, खरं काय ते सांगितलं की झालं. भोळ्या माणसाला कायम असंच वाटतं. हर्षदानं बेदाण्याचं द्राक्ष कसं होतं ते हातवारे करून सांगितलं. मॅडमनी सुलभामावशींना फोन करून बकुळला घेऊन यायला सांगितलं. नवराबायकोनं पुन्हा पट्टी दिली. पोरीनं तिची आवडीनं चाटली आणि आणखी एक मागितली.

पडद्यावर दोन आकडे आले. हर्षदा आणि दिगू, एकसष्ट. हर्षदा आणि बकुळ, अठ्ठ्याहत्तर.

"बघा!" दिगू उभाच राहिला. "म्हणजे पोरगी आमचीच झाली की!"

मॅडमनी मावशींना बकुळला घेऊन बाहेर बसायला सांगितलं. दार लागल्यावर जबाब नोंदवायचा कॅमेरा अजून बंदच आहे ना, हे त्यांनी बघून घेतलं.

"बसा. बालकाशी लाळसंपर्क हा आरोग्यनियमाचा भंग आहे. अर्जदार कायमचा बाद होतो. आजपासून भेटीसुद्धा बंद."

"मॅडम, लेकरानं भरवलं ते..."

"नियमात 'भरवलं' हा शब्द नाही." त्यांनी आवाज खाली आणला. "ऐका. मी अजून काही नोंदवलेलं नाही. साठच्या वर तुम्ही गेलाच आहात. तिसरी वस्ती अनोळखी प्रौढाची आहे, असं मी लिहू शकते. बाहेरचा संबंध एकदा कबूल केला, समुपदेशन घेतलं, तर नियम माफ करतो. मुलाचं उष्टं माफ करत नाही. कॅमेऱ्यासमोर दोन वाक्यांचा तोंडी जबाब द्या, मुकाट्यानं पोरीला घरी घेऊन जा. पण पुढं दोन वर्षं दर महिन्याला पट्टी असेल. त्यात बकुळची वस्ती पुन्हा दिसली तर तिला परत नेतील."

हर्षदानं दिगूकडं बघितलं. तो घामेजला होता.

"दे जबाब," तो म्हणाला. "खरं काय ते मला माहीत हाय. गाव काय म्हणायचं ते म्हणू दे. विचारलं कुणी तर मी सांगीन, माझ्या बायकोनं घेतला मुका, तुमच्या बापाचं काय गेलं?"

मुकादमाचा संशय घेणारा तोच माणूस हे बोलत होता. हर्षदानं त्याचा हात घट्ट धरला आणि मॅडमना म्हणाली, "चालू करा."

लाल दिवा लागला.

"मी, हर्षदा दिग्विजय लवटे..." आवाज स्वच्छ होता. लाज तिनं बाजूला ठेवली होती. पोरीसाठी त्यापेक्षा जास्त ठेवली असती. पण पुढचं वाक्य उचलताना तिला त्या वाक्यामागची दोन वर्षं दिसली. बकुळ चघळलेला बेदाणा घेऊन धावत येतेय, हात पुढं करून उभी आहे, खा म्हणतेय. आणि आपण ओठ मिटून बसलोय. दर महिन्याला. ज्या पोरीसाठी खोटं बोलायचं, त्याच पोरीला घरात आणून परकी करायची.

"बोला," मॅडम हळूच म्हणाल्या.

"बोलते. मी बकुळच्या तोंडातलं खाल्लं. रोज खाल्लं. उद्या दिलं तर उद्याही खाईन."

"मिसेस लवटे, कॅमेरा चालू आहे!"

"म्हणून तर बोलतेय. तुम्हाला नाही, मॅडम. ह्याच्या पलीकडं जो कोण बसलाय त्याला." ती लाल दिव्याच्या दिशेनं वाकली. "तुम्ही मुका मागितलात. आम्ही दिला. आता मी मुकी राहावं म्हणताय. परक्या माणसाचा मुका घेतला म्हटलं तर मी आई व्हायला लायक, आणि लेकराचं उष्टं खाल्लं म्हटलं तर नालायक. हे कुणी लिहिलं? नाव सांगा त्याचं. त्यानं जन्मात एका तरी पोराला घास भरवलाय का, ते सांगा. तुमच्याच यंत्रानं अठ्ठ्याहत्तर दाखवले. नाशिकच्या बाईंचे या पोरीशी किती आहेत? सांगा की! पोरगी बाहेर मावशींच्या कडेवर बसलीय. मी दार उघडलं की ती माझ्याकडं झेप घेणार. तिला घेऊ का नको?"

दिगू उठला, तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. मॅडमचा हात कॅमेऱ्याच्या बटणापाशी गेला आणि तिथंच थांबला.

"विचारतेय मी," हर्षदा म्हणाली. "घेऊ का नको? उत्तर द्या."